आईला वाळवंटात एक रात्र काढायचीय : उंट, तंबू आणि थंडीबद्दल माहिती हवी

मधुरा_मुलुंड | २० नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

माझी आई ६७ वर्षांची आहे. पालिकेच्या शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाली. सातवीत मी तिच्याच वर्गात होते. बारखाण, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी, शिकवताना ती खडू आडवा धरून वाऱ्याकडचा उतार सावकाश वर न्यायची आणि पलीकडचा एकदम खाली सोडायची. मग चंद्रकोरीची दोन टोकं काढून विचारायची, "सांगा, वारा कुठून येतोय?" ही आकृती तिने किती वेळा काढली असेल कोण जाणे, पण वाळवंट तिने आजवर पाहिलेलं नाही. सुट्ट्या लागल्या की पेपर तपासणं, आजीचं आजारपण, माझी दहावी, भावाची बारावी, असं सगळं चालायचं. बाबा गेल्यावर तर तिने बाहेर पडणंच सोडलं.

यंदा भाऊबीजेला भावाने विचारलं, "आई, तुला काय हवं?" तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "वाळूच्या टेकडीवर एक रात्र. आणि उंटावरून जायचं, गाडीतून नाही."

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदललाय. रोज दीड-दोन किलोमीटर चालते, जिना चढते, फक्त मांडी घालून बसत नाही. जानेवारीत जायचा विचार आहे. आम्ही तिघं असू.

प्रश्न असे : जैसलमेरजवळ सम गाव बरं की खुरी? उंटावर किती वेळ बसणं झेपेल? तंबूत झोपावं की उघड्यावर? थंडी खरंच किती असते? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शांतता कुठे मिळेल? आईला डीजे अजिबात नकोय.

---

भटक्या_ठाणेकर | २० नोव्हेंबर, रात्री १०:४०

आईंना साष्टांग नमस्कार! आधी तिकिटं काढा, बाकी चर्चा मागाहून. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला सूर्यनगरी रोज आहे. दुपारी बसलात की सकाळी जोधपूर. पुढे जैसलमेर रस्त्याने साधारण २८० किमी, पाच तास धरा. वांद्र्याहून जैसलमेरला आठवड्यातून एकदा थेट गाडीही आहे. पण एवढ्या प्रवासानंतर त्याच दिवशी उंटावर बसवू नका. एक रात्र जैसलमेरात काढा, किल्ला बघा. तो ११५६चा आहे आणि आत आजही लोकवस्ती आहे.

---

पारिजात | २० नोव्हेंबर, रात्री ११:०५

सम नको गं. आम्ही चार वर्षांपूर्वी नाताळात गेलो होतो. शहरापासून ४०-४२ किमीवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबूंच्या रांगाच रांगा. उंटाची फेरी वीस मिनिटांत संपली. टेकडीवर नेलं तर तिथे माणसंच माणसं, कुणी चहा विकतंय, कुणी नाचायला बोलावतंय. रात्री आमच्या आणि शेजारच्या तंबूवाल्यांत मोठा आवाज कुणाचा यावरून चढाओढ लागली होती. माझा लेक तेव्हा तीन वर्षांचा होता, रडून रडून झोपला. व्यवस्थापकाला सांगायला गेले तर म्हणाला, "मॅडम, लोग इसी के लिए आते हैं." पैसे पूर्ण आधी भरलेले, त्यामुळे काही करताही येईना.

बुकिंगच्या वेळी 'टेकडीवर तंबू' म्हणतात. मोजून विचारा : तंबूपासून टेकडी किती अंतरावर? आमची दोन किलोमीटरवर होती.

---

विजय_गिरगाव | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

पारिजातशी सहमत, पण सगळं सम वाईट असं नाही. शनिवार-रविवार, नाताळ आणि ३१ डिसेंबर सोडून मधल्या वारी गेलं तर तिथेही निवांत असतं. तरी आईंसाठी मी खुरीच सांगेन. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, साधारण तेवढ्याच अंतरावर. गाव आहे, मातीची घरं आहेत, घराच्या अंगणातून उंट निघतो आणि अर्ध्या तासात वाळूला लागतो. गावातल्या एखाद्या कुटुंबाकडेच उतरा.

आता उंटाचं सांगतो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. त्यामुळे आपण धाडकन पुढे जातो. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही आपण पुढेच जातो. म्हणून दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि पलाणाचा (उंटाच्या खोगिराचा) पुढचा दांडा घट्ट धरायचा. बहुतेक लोक पडतात ते या दोन क्षणांत. चालायला लागला की भीती नाही. एका बाजूचे दोन्ही पाय तो एकदम टाकतो, म्हणून घोड्यासारखं वरखाली न होता डावी-उजवीकडे झुलतो. होडीत बसल्यासारखं वाटतं. कंबर कडक धरली तर दुखते. सैल सोडा, त्याच्या लयीत जाऊ द्या.

---

बंड्या_दादर | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

जुहूच्या चौपाटीवर लहानपणी उंटावर बसलो होतो, तेवढाच अनुभव. त्यामुळे या धाग्यावर उंटावरून शेळ्या हाकणार नाही, नुसता वाचत बसतो. काकूंना शुभेच्छा!

---

फिजिओ_नेहा | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३०

गुडघा बदललेले माझे दोन पेशंट उंटावर बसून आलेत, त्यामुळे अशक्य नाही. पण आधी त्यांच्या सर्जनना विचारा, माझं बोलणं त्याला पर्याय नाही.

त्रास गुडघ्यापेक्षा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि खुब्याला होतो. उंटाची पाठ रुंद, त्यावर पलाण आणि गोधड्या, म्हणजे पाय बरेच फाकतात. शिवाय पर्यटकांच्या पलाणाला बऱ्याचदा रिकीब (पाय टेकवायची कडी) नसते, पाय लोंबकळत राहतात आणि गुडघ्याखाली ताण येतो. रिकीब असलेलंच पलाण मागा. नसेल तर दोरीचा फास तरी बांधून घ्या, पायाला टेका मिळाला पाहिजे.

आजपासून रोज : खुर्चीच्या कडेला बसून पाय जमतील तेवढे फाकवणं, भिंतीला धरून पाय बाजूला उचलणं. दीड महिना केलं तर फरक पडेल. बसताना ऑपरेशन न झालेल्या पायावर भार घेऊन दुसरा पाय पलीकडे टाकायचा, म्हणजे उजवा गुडघा बदलला असेल तर उंटाच्या डाव्या बाजूने चढायचं. सलग पाऊण तास पुरे. मग उतरून चालायचं. उंटगाडीही सोबत ठेवा, विमानाच्या जुन्या टायरांवर चालते ती. लाज वाटायचं कारण नाही, तिथली म्हातारी माणसं तिनेच फिरतात.

---

अनघा_पार्ले | २१ नोव्हेंबर, रात्री ९:२०

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. उंटावर बसूच नका. नाकात खुंटी टोचून दोरी बांधलेल्या प्राण्याच्या पाठीवर बसून सूर्यास्त बघायचा, हे मला पटत नाही. मी समला एका उंटाच्या नाकातून रक्त येताना पाहिलंय आणि त्याला तसाच फेऱ्या मारायला लावत होते. काकूंना वाळवंट बघायचंय ना? चालत जाता येईल, उंटगाडी आहे.

---

विजय_गिरगाव | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४५

अनघाताई, उंटगाडीही उंटच ओढतो.

---

अनघा_पार्ले | २१ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मान्य. तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण रक्ताचं खोटं नाही.

---

बिकानेरचा_बाप्पा | २२ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं बिकानेरला होतो. आता बोरिवलीत. अनघाताईंनी पाहिलं ते खरंच आहे, असे उंट असतात. पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती सविस्तर लिहितो.

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९च्या गणनेत अडीच लाख उरले. सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेले. कारण सरळ आहे : नांगर ट्रॅक्टरने घेतला, ओझं पिकअपने घेतलं, चराऊ राने कमी झाली. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्य पशू केलं आणि २०१५ मध्ये कत्तलीवर आणि परराज्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदा आणला. हेतू चांगला, पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटल्यावर पाळणाऱ्या रायका-रेबारी लोकांच्या हातात काय राहिलं? न विकता येणारं आणि खायला मागणारं जनावर. जैसलमेरच्या बाजूला फेऱ्यांवर चार पैसे मिळतात, म्हणून तिथे अजून उंट दारात दिसतो. बिकानेरजवळ जोडबीडला उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे, १९८४चं. तिथे कुणी गेलंत तर जरूर विचारा, तिथले लोक मनापासून सांगतात.

म्हणून माझं म्हणणं : बसा, पण बघून बसा.

नाकाची खुंटी बघा. जागा कोरडी आणि स्वच्छ पाहिजे, माश्या घोंघावत असतील तर दुसरा उंट मागा. पलाणाखालची गोधडी उचलायला सांगा, पाठीवर जखम असेल तर लगेच दिसते. पाठीवरची मदार उभी आणि भरलेली हवी. एका बाजूला कलंडलेली मदार म्हणजे खाणं कमी पडतंय. तिच्यात पाणी नसतं, चरबी असते, तेव्हा ती आधी उतरते. आणि एका उंटावर दोन मोठी माणसं नकोत.

आता जानेवारीची खास गोष्ट. नर उंट हिवाळ्यात मस्तीत येतो. तोंडाच्या कडेने गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर काढतो, घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज करतो, फेस गाळतो, मानेमागून काळपट वास मारणारा स्राव येतो. नवख्याला वाटतं उंट आजारी आहे. तो आजारी नाही, तापट झालाय आणि चावू शकतो. असा उंट आईंना देऊ देऊ नका. म्हातारा, शांत नर किंवा सांडणी मागा.

---

अनघा_पार्ले | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

बाप्पा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी अजूनही बसणार नाही, पण मधुरा, तू जाशील तेव्हा ती गोधडी उचलून नक्की बघ. उंटवाल्याला कळू दे की लोक बघतात.

---

व्याध | २२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

तारीख ठरवताना पंचांग बघा. मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश मिळेल, पौर्णिमेला वाळू मिळेल. दोन्ही सुंदर, पण मुंबईकराने आधी अमावास्या घ्यावी. आपल्याला चंद्र इथेही दिसतो, तारे दिसत नाहीत.

एक गैरसमज आधीच दूर करतो. छायाचित्रांत दिसतो तो आकाशगंगेचा झळाळता मधला भाग जानेवारीच्या संध्याकाळी नसतो, तो उन्हाळा-पावसाळ्यातला. जानेवारीत दिसतो तो तिचा फिकट पट्टा, पण त्याच्याभोवती जे असतं त्याला तोड नाही : मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, वर रोहिणी आणि कृत्तिका, खाली व्याध (माझं नाव त्यावरूनच), आणि रात्र चढल्यावर दक्षिणेला अगस्त्य. देवयानी आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते, जेवणाच्या आधी बघून घ्या.

काकू भूगोलाच्या आहेत म्हणून एक सुचवतो. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला किल्ली लटकवा आणि सरळ कडेवरून ध्रुवतारा बघा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचे अक्षांश. मुंबईत १९ अंश, तिथे २७च्या आसपास आला पाहिजे. मुलुंडमध्ये उत्तरेला इमारत नसेल तर आधी इथे करून बघा.

---

मधुरा_मुलुंड | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. कोनमापकाचं ऐकल्यावर ती उठून भाच्याच्या दप्तरात हात घालायला गेली! म्हणतेय, "त्यानेच वाळूच्या उताराचा कोनही मोजता येईल. कोरडी वाळू ३४ अंशांच्या वर टिकत नाही असं मी शिकवायची."

तिचा निरोप आहे बाप्पांसाठी : "उंटाच्या मदारीत पाणी असतं असं लिहिणाऱ्या मुलांचे मी दरवर्षी गुण कापले. धन्यवाद."

---

सुलभा_काकू | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

थंडीचं कुणी लिहिलं नाही अजून. अगं, आपण मुंबईची माणसं, १६ अंशांना स्वेटर काढतो. तिथे दुपारी २३-२४ आणि पहाटे ५-६, कधी त्याच्याही खाली. ऊन उतरलं की अर्ध्या तासात फरक कळतो. आईंच्या भाषेत दैनिक तापमान कक्षा! आपल्याकडे खारे वारे-मतलई वारे सांभाळून घेतात, तिथे हवेत ओल नाही, ढग नाहीत, दिवसभराची ऊब थेट आकाशात जाते.

कानटोपी, लोकरीचे मोजे दोन जोड, आतून थर्मल, वरून वारा अडवणारं जाकीट. आणि ओठांना, नाकाच्या आतून साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावा. कोरड्या हवेने माझ्या नाकातून दुसऱ्या दिवशी रक्त आलं होतं, मी घाबरले होते. पाणी आठवणीने प्या, घाम दिसत नाही म्हणून तहान कळत नाही.

बूट रात्री उलटे करून ठेवा, सकाळी झटकून घाला. तिथेही फुरसं असतं, कोकणातल्यासारखंच. थंडीत सहसा दिसत नाही, पण रात्री लघवीला जाताना बॅटरी हवीच.

---

खवय्या_माहीम | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२५

जेवणाचं मी लिहितो. दाल-बाटी सगळीकडे मिळेल. गावात उतरलात तर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि केर-सांगरी मागा. केर म्हणजे काटेरी झुडपाची आंबट-कडसर फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात, रात्रभर भिजवून करतात. पाऊस न पडलेल्या वर्षीसुद्धा जे उगवतं त्याची भाजी आहे ती.

आणि खेजडी म्हणजे आपली शमी! जिच्यावर पांडवांनी शस्त्रं ठेवली असं आपण दसऱ्याला सांगतो ती. आपण आपट्याची पानं वाटतो आणि शमी आठवतो कथेपुरती.

---

बिकानेरचा_बाप्पा | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१०

खवय्या, खेजडीचं नाव काढलंत म्हणून थोडं अवांतर. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० साली महाराजांची माणसं खेजड्या तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली. तिच्यासह ३६३ जणांनी जीव दिला. जैसलमेरला जाताना रस्त्याकडेला एकटं उभं असलेलं, खालून चरलेलं आणि वरून छाटलेलं झाड दिसेल, ते हेच. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांना. त्याच्याखाली पिकही चांगलं येतं.

---

मीनल_डोंबिवली | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

एवढ्या लांब कशाला? कच्छला जा. दादर-वांद्र्याहून भूजला थेट गाड्या आहेत, पांढरं रण चांदण्यात बघून डोळे निवतात.

---

विजय_गिरगाव | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मीनल, रण सुंदरच, पण ती मिठाची दलदल आहे, वाळूची टेकडी नाही. काकूंना बारखाण हवाय.

बाय द वे, वाळूवर ज्या लहरी उमटतात ना, त्या दोन लहरींमध्ये वीतभर अंतर असतं. काकूंना सांगा, हात ठेवून बघा.

---

व्याध | २४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

वीतभर? मला तर बोटांत मोजण्याइतक्या जवळ आठवतात. वाळूच्या जाडीवर आणि वाऱ्यावर असणार.

---

भटक्या_ठाणेकर | ३ जानेवारी, रात्री १०:००

धागा वर काढतोय. मधुरा, निघालात का?

---

मधुरा_मुलुंड | १६ जानेवारी, रात्री ९:३०

आधी सगळ्यांना तिळगूळ! परवा परतलो. उशीर झाला, पण आईने सांगितलंय की सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही.

अमावास्येच्या दोन दिवस आधी खुरीला पोचलो. एका कुटुंबाकडे उतरलो, दोन खोल्या आणि अंगणात चूल. दुपारी उंट आले. मी अनघाताईंचं ऐकून गोधडी उचलायला सांगितली. उंटवाले काका साठीचे, पांढऱ्या मिशा. मला वाटलं रागावतील. ते हसले आणि स्वतःच पलाण पूर्ण सोडून दाखवलं. तीन उंटांपैकी एकाच्या पाठीवर रुपयाएवढी जुनी जखम होती, वाळलेली. "मग यावर नको," मी म्हटलं, तर त्यांनी काही न बोलता तो बाजूला नेऊन बांधला. त्यामुळे भाऊ चालत आला आणि मग उंटगाडीत बसला.

आईला मिळाला तो 'बादल' नावाचा म्हातारा उंट. काकांनी "झै, झै" म्हटलं की तो कुरकुरत गुडघे टेकायचा. रिकीब नव्हती, दोरीचे फास करून घेतले. आई डाव्या बाजूने चढली, नेहाताई, अगदी तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तो उठला तेव्हा ती मागे रेलली, डोळे घट्ट मिटून. वर पोचल्यावर पहिलं वाक्य : "अगं, केवढं लांबचं दिसतंय!" चाळीस मिनिटांनी तिने स्वतःच उतरवायला सांगितलं, मांड्या भरून आल्या होत्या. पुढे वीस मिनिटं चालली, बादलच्या शेजारून. त्याचं पाऊल वाळूत पडलं की भाकरीसारखं पसरतं आणि उचललं की आवाज येत नाही, हे तिने मला तीनदा थांबवून दाखवलं.

शांततेचं खरं सांगते. संध्याकाळी लांबच्या कुठल्याशा तंबूवस्तीवरून स्पीकर ऐकू येत होता, वाऱ्यावर कमीजास्त होत. मला फार वाईट वाटलं, आईला मी शांततेचा शब्द दिला होता. तो दहाच्या सुमाराला थांबला. त्यानंतर मात्र असं झालं की बादलचं रवंथ करणं पंधरा पावलांवरून ऐकू येत होतं.

त्याआधी गावातले दोन मांगणियार (तिथले पिढीजात गाणारे-वाजवणारे) आले, बापलेक. कमायचा हे तंतुवाद्य आणि खडताल. माइक नाही, काही नाही. मुलगा लाकडाच्या चार पट्ट्या दोन हातांत धरून वाजवत होता आणि आई त्याच्या बोटांकडेच बघत राहिली. गाणं संपल्यावर तिने विचारलं, "शाळेत जातोस का?" आठवीत आहे. मग दोघांचं भूगोलावर बोलणं झालं, हिंदी-मराठी-मारवाडीत.

झोपायचं तंबूत ठरलं होतं. आई ऐकेना. खाटा बाहेर काढल्या, तिच्यावर तीन रजया टाकल्या. पहाटे मोबाईलवर ६ अंश होते. रात्री साडेनऊला तिने वाळूत हात घातला आणि मला म्हणाली, "तू पण घाल." वरची वाळू गार पडली होती, मनगटापर्यंत हात गेला की आत ऊब लागत होती. दुपारचं ऊन अजून तिथे होतं. ती बराच वेळ हात तसाच ठेवून बसली. बाबांबद्दल बोलली थोडं. ते इथे लिहीत नाही.

व्याध, ध्रुव आम्ही तिघांनी वेगवेगळा मोजला. भावाचा २९ आला, माझा २६, आईचा २७. ती म्हणते भावाचा हात हलत होता. अगस्त्यही दिसला.

सकाळी उठलो तर खाटेभोवती भुंग्यांच्या पावलांच्या बारीक नक्षीची दुहेरी रेघ होती, रात्रभर कुणीतरी आमच्याभोवती शिवण घातल्यासारखी.

आणि बारखाण. मोठ्या टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या, त्यांत चंद्रकोर काही दिसेना. आईचा चेहरा उतरला होता. उंटवाल्या काकांना मी वाळूवर बोटाने कोर काढून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि गावाकडे परतताना वाट सोडून आम्हाला एका सपाट पटांगणाच्या कडेला नेलं. तिथे एकटी, माणसापेक्षा थोडी उंच टेकडी होती. दोन टोकं पुढे आलेली. आई तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आली. मग पाठ वाऱ्याकडे करून उभी राहिली आणि मला विचारलं, "सांग, वारा कुठून येतोय?"

मी सांगितलं. बरोबर आलं.

मग तिने पडत्या बाजूवर काठी टेकवून कोनमापक लावला. ३३ अंश. काठी काढली तर तेवढ्या जागेची वाळू सुळकन खाली वाहून गेली आणि पुन्हा तोच उतार झाला. तिने हे पाच वेळा केलं. काका आणि बादल दोघंही थांबून बघत होते.

---

फिजिओ_नेहा | १६ जानेवारी, रात्री ९:५०

वाचता वाचता डोळे भरले. गुडघा कसाय आता?

---

मधुरा_मुलुंड | १६ जानेवारी, रात्री ९:५८

गुडघा ठीक. मांड्या तीन दिवस दुखल्या, शेकल्यावर थांबल्या.

---

अनघा_पार्ले | १६ जानेवारी, रात्री १०:१०

त्या जखमेच्या उंटाचं पुढे काय झालं?

---

मधुरा_मुलुंड | १६ जानेवारी, रात्री १०:२२

आम्ही निघेपर्यंत दुसऱ्या दिवशीही तो बांधलेलाच होता, पुढ्यात पाला होता आणि पाठीवर हळद-तेल लावलेलं दिसलं. त्याच्याही फेरीचे पैसे आम्ही दिले. काका घेत नव्हते, आईने हातात कोंबले.

---

बिकानेरचा_बाप्पा | १६ जानेवारी, रात्री १०:४०

हे फार बरं केलंत.

---

पारिजात | १६ जानेवारी, रात्री १०:४५

मधुरा, त्या घराचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना. लेक आता सात वर्षांचा झालाय.

---

मधुरा_मुलुंड | १६ जानेवारी, रात्री ११:०५

केला. आणि आई शेजारी बसून सांगतेय ते जसंच्या तसं टंकते :

"विजय यांस, लहरींमधलं अंतर वीतभर नव्हतं. टेकडीच्या माथ्याजवळ चार बोटं भरलं, पायथ्याशी वाळू जाड होती तिथे सहा. वीस ठिकाणी मोजलं, वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात आणि वारा कसा होता, ते कळवा."

---

विजय_गिरगाव | १७ जानेवारी, सकाळी ६:५५

बाई, मार्चच्या शेवटी गेलो होतो. वारा जोराचा होता, दुपारी डोळे उघडवत नव्हते. मोजलं नव्हतं, नजरेचा अंदाज होता. या मार्चमध्ये पुन्हा जातोय, पट्टी घेऊन जाईन.